दोन मामलेदारांमधलं शेत

मी मूळचा वाईचा. महसूल खात्यात कारकून म्हणून लागलो आणि नोकरीची पहिली आठ वर्षं सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कचेरीत काढली. त्यातली तीन वर्षं मी वसुलीच्या टेबलावर होतो. काम कंटाळवाणं होतं. ज्यांनी शेतसारा भरला नाही त्यांची यादी प्रत्येक गावचा तलाठी पाठवायचा. आम्ही आधी नोटीस काढायची, मग जप्ती, आणि तरीही भरणा झाला नाही तर जमिनीचा लिलाव. प्रत्यक्षात गाडी लिलावापर्यंत कधी जात नसे. नोटीस हातात पडली की माणसं कुरकुरत येऊन पैसे भरायची आणि फाईल बंद व्हायची. माझ्या हातून खरोखरचा झालेला लिलाव एकच, आणि तो होऊ नये असं त्या चावडीत बसलेल्या जवळजवळ प्रत्येकाला वाटत होतं. मलासुद्धा.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. दुष्काळात तहकूब ठेवलेली वसुली आता वर येत होती, आणि त्यातच आणीबाणी लागली. वरून येणाऱ्या पत्रांची भाषा बदलली. पूर्वी 'विनंती आहे की' असायचं तिथं आता 'कसूर झाल्यास जबाबदारी निश्चित केली जाईल' असं येऊ लागलं.

आमचे मामलेदार त्याच वर्षी बदलून आले होते. पस्तिशीचे, परीक्षा देऊन थेट वरच्या जागेवर आलेले. लाच तर सोडाच, दौऱ्यावर कुणाच्या घरचं पाणीही घेत नसत. जीपमध्ये त्यांचा स्वतःचा फिरकीचा तांब्या असे. कचेरी त्यांना टरकून होती. मीही होतो, पण असा साहेब आपल्याला मिळाला याचं मला थोडं अप्रूपही होतं.

एका यादीत नदीकाठच्या गावातलं अडतीस गुंठ्यांचं एक शेत होतं. आठ वर्षांचा सारा थकलेला. खातेदार फौजेत हवालदार. शेत त्याची बायको बघायची. नोटीस घेऊन गेलेला तलाठी परत आला तो डोकं खाजवतच. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला, थकलेला माणूस.

"बाई म्हणती, सारा भरलाय," तो म्हणाला.

"मग पावत्या दाखवा म्हणावं."

"पावत्या हायत की. एकूणएक वर्साच्या हायत. पण आपल्या न्हाईत."

पावत्या पलीकडच्या तालुक्याच्या होत्या. म्हणजे सातारा जिल्ह्याच्या. कारण सरळ होतं. फार पूर्वी कधीतरी कृष्णेनं त्या वळणावर पात्र बदललं होतं आणि काठावरची काही शेतं या अंगाची त्या अंगाला झाली होती. तेव्हा सगळा मुलूख एकाच जिल्ह्यात होता, त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही. पुढे एकाचे दोन जिल्हे झाले, दप्तरं वाटली गेली, आणि हे एक शेत दोन्हीकडच्या दप्तरांत राहून गेलं. हवालदाराच्या बापानं सारा पलीकडच्या गावात भरला, म्हणून हवालदारानं तिथंच भरला, म्हणून त्याची बायकोही तिथंच भरत होती. आमच्या आधीच्या तलाठ्यांनी हे माहीत असून कानाडोळा केला होता. आमच्या साहेबांना कानाडोळा करता येत नसे.

चार दिवसांनी बाई स्वतः कचेरीत आली. चाळिशीची, उंच, पायात नवऱ्याच्या जुन्या फौजी चपला. पावत्या तिनं एका पत्र्याच्या डबीत आणल्या होत्या. साहेबांनी त्या एकेक उलटून पाहिल्या.

"या पावत्या खऱ्या आहेत," ते म्हणाले. "पण आमच्या नाहीत. जमीन आमच्या तालुक्यात आहे. इथं भरणा झालेला नाही."

"आवं सायेब, भरलाय न्हवं? सरकारलाच भरलाय. सरकार का दोन हाईत?"

साहेबांनी पावत्या डबीत परत ठेवल्या. मला म्हणाले, "पलीकडच्या मामलेदारांना पत्र लिहा. चुकून जमा करून घेतलेली रक्कम इकडे वर्ग करावी. तुम्ही साताऱ्याकडचे आहात, स्वतः घेऊन जा."

सकाळच्या एसटीनं मी फाट्यावर उतरलो, तिथून दीड मैल चालत नदी, होडीनं पलीकडे, पुन्हा एसटी. दुपारी त्या कचेरीत पोचलो. तिथले मामलेदार पंचावन्न उलटलेले, कारकुनीपासून चढत आलेले, तोंडात सुपारी. मला बसायला खुर्ची दिली, चहा मागवला.

"वाईचे का तुम्ही? वा!" असं म्हणत त्यांनी पत्र फोडलं आणि त्यांचा चेहरा आक्रसला. "चुकून? चुकून म्हणतो का हा? आमच्या दप्तरात जमीन आहे, आम्ही सारा घेतला. रक्कम वर्ग केली म्हणजे जमीन आमची नाही असं मीच लिहून दिल्यासारखं होईल. सांगा तुमच्या साहेबांना, पैसा येणार नाही."

तिथल्या शिरस्तेदारानं मला बाहेर व्हरांड्यात खरी गोष्ट सांगितली. आमचे साहेब नवे होते तेव्हा वर्षभर या म्हाताऱ्याच्या हाताखाली शिकायला होते. वर्षाच्या शेवटी त्यानं गोपनीय अहवालात शेरा मारला होता की उमेदवार हुशार आहे, पण माणसांत मिसळत नाही. त्या एका ओळीपायी आमच्या साहेबांची कायम होण्याची ऑर्डर सहा महिने लांबली होती.

मी परत आलो ते उत्तर घेऊन. मग आमचं प्रत्युत्तर गेलं. ते घेऊन मीच गेलो. हिवाळाभर मी त्या दोन कचेऱ्यांमध्ये हेलपाटे घालत होतो. संयुक्त मोजणी करावी यावर दोघांचंही एकमत होतं, पण मोजणीचा अर्ज दुसऱ्यानं करावा असं दोघांचंही म्हणणं होतं. जो अर्ज करील त्याला स्वतःच्या दप्तराबद्दल शंका आहे असा अर्थ निघेल, म्हणून. होडीवाला मला ओळखू लागला. "आज काय म्हनतोय पल्याडचा?" असं विचारायचा. माझी बायको म्हणायची, "त्या शेताचा सारा किती आहे हो असा?" सारा इतका थोडा होता की माझा एका खेपेचा प्रवासभत्ता त्याहून जास्त होत असे. हे मी तिला सांगितलं नाही.

एकदा परतताना मी त्या बाईच्या घरी गेलो. ती वैरण कापत होती. मी आडपडदा न ठेवता म्हटलं, "वहिनी, मी भरतो तुमचे पैसे. कुणाला कळणार नाही. हे एकदाचं मिटू दे."

तिनं विळा खाली ठेवला. "भाऊसाहेब, तुमचं मन चांगलं हाय. पर ह्या वर्सी तुमी भराल, फुडल्या वर्सी? आन मालक सुट्टीवर आलं आन म्हनलं, आपला सारा परक्या मानसानं का भरला, तर म्या काय सांगू? एकदा भरलाय. दोनदा भरला म्हंजे पयला चोरीचा व्हता आसं व्हईल."

हे तिचं म्हणणं आणि दोन्ही मामलेदारांचं म्हणणं एकच होतं, फक्त तिच्याकडे कचेरी नव्हती.

मार्चमध्ये लिलाव जाहीर झाला. आदल्या दिवशी दवंडी झाली, चावडीच्या भिंतीवर कागद लागला. सकाळी दहाला साहेब स्वतः येऊन बसले. शेजारी मी, कागद सांभाळत. तलाठी दाराशी. गावची चाळीसेक माणसं जमली होती, पण सगळी भिंतीला टेकून, कुणी कुणाकडे न बघता. बाई चावडीच्या पायरीशी उभी होती.

साहेबांनी सर्व्हे नंबर वाचला, चतुःसीमा वाचल्या आणि बोली मागितली. कुणी बोललं नाही. पाच मिनिटं गेली. कुणीतरी खोकलं तेवढंच.

आणि मग बाहेर गलका झाला. पलीकडचे मामलेदार आले होते. नदीला पाणी कमी होतं म्हणून होडीची वाट न बघता ते पाण्यातून चालत आले होते. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, बूट हातात. मागे त्यांचा तलाठी, बगलेत दप्तर. ते सरळ आत आले आणि कुणी न म्हणता खुर्चीवर बसले.

"रावसाहेब, काम थांबवा. हे शेत माझ्या तालुक्यातलं आहे."

"तसं असेल तर तुम्ही तुमच्या चावडीत लिलाव करा," आमचे साहेब म्हणाले. "माझ्या दप्तरात ही थकबाकी आहे."

"माझ्याकडे थकबाकीच नाही तर लिलाव कशाचा करू? फौजेतल्या माणसाची जमीन विकताय. जरा विचार करा."

"फौजेतल्या माणसाला सारा माफ आहे असं परिपत्रक तुमच्याकडे असेल तर दाखवा."

म्हातारे मामलेदार थोडे पुढे वाकले. आवाज खाली आणून म्हणाले, "तो शेरा अजून मनात ठेवलायस का रे?"

सगळ्या चावडीला ते ऐकू गेलं. साहेबांचे कान लाल झाले. पण त्यांनी आवाज चढवला नाही. "मी मनात काही ठेवत नाही. फाईलवर ठेवतो. तुम्ही लेखी मनाई आणली आहे का? प्रांतसाहेबांची, कलेक्टरांची?"

तशी मनाई नव्हती. दोन तालुके दोन जिल्ह्यांचे, त्यामुळे पुण्याच्या आयुक्तांखेरीज दोघांचा वरिष्ठ एक नव्हता. म्हातारे नुसते आपल्या ओल्या पायांकडे बघत राहिले.

साहेबांनी पुन्हा बोली मागितली. मग ते माझ्याकडे वळले. असा नियम होता की बोली लावायला कुणीच पुढे आलं नाही तर सरकारनं नाममात्र एक रुपयाला जमीन घ्यायची. ती बोली बोलायचं काम माझं होतं. हे मला आदल्या रात्रीपासून माहीत होतं.

"सरकारतर्फे एक रुपया," मी म्हटलं.

"एक वार," साहेब म्हणाले.

"एक रुपाया?" बाई पायरी चढून आत आली. "आवं, एक रुपायाला माजं रान? म्या दोन देते. ल्ह्या दोन. धा देते!"

"थकबाकीदाराला बोली लावता येत नाही," साहेब कागदाकडे बघत म्हणाले.

"मंग थकबाकी हाय कुनाची? ह्ये सायेब तर म्हनत्यात माजी थकबाकी न्हाई." तिनं म्हाताऱ्या मामलेदारांकडे हात केला. "आवं, सांगा की ह्यास्नी! तुमच्याच हापिसात भरलाय न्हवं मी? सांगा की!"

त्यांनी दुमडलेली पँट खाली सोडली. काय बोलणार होते? बोलायचं ते बोलून झालं होतं, आणि जमीन आपली ठरावी एवढ्यापुरतेच ते पाण्यातून आले होते. साहेबांनी दोन वार, तीन वार म्हटलं. म्हाताऱ्यांनी बूट उचलले आणि अनवाणीच बाहेर पडले. बाई तिथंच खाली बसली. रडली नाही. बराच वेळ जमिनीवरच्या त्या ओल्या पावलांकडे बघत होती.

पंचनाम्यावर सह्या घेताना मी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला हळूच म्हटलं, "तुमच्यापैकी कुणी पाच रुपयांना बोली लावली असती आणि नंतर जमीन तिलाच परत दिली असती, तर वाचलं असतं की शेत."

"खरं हाय," तो म्हणाला. "पर गड्या, फौजेतल्या मानसाचं रान लिलावात घेतलं ह्ये धा गावाला कळलं आसतं. परत दिलं ह्ये कोन सांगत बसतंय?"

लिलाव झाला तरी तो कायम व्हायला प्रांतसाहेबांची मंजुरी लागते, आणि त्याआधी तीस दिवसांत त्याविरुद्ध अर्ज करता येतो. हे बाईला कुणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. तीस दिवसांतले सव्वीस गेले असताना ती एसटी स्टँडवर मला भेटली, अर्ज लिहिणारा त्या दिवशी आलाच नव्हता. मी बाकावर बसून तो अर्ज स्वतः लिहून दिला. आपल्याच साहेबाच्या विरुद्ध. लिहिताना मागून कुणी येतंय का म्हणून दोनदा वळून पाहिलं.

आठवड्यानं त्या अर्जाची प्रत आमच्या कचेरीत आली. साहेबांनी मला आत बोलावलं.

"हे अक्षर ओळखता?"

मी अर्जाकडे बघितलं.

"आधी ओळभर रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं टांगायची, ही सवय माझ्या कचेरीत एकालाच आहे." त्यांनी अर्ज फाईलमध्ये ठेवला. "मुदतीत आला, हे बरं झालं. कायद्यानं तिला तीस दिवस आहेत. जा, कामाला लागा."

मी बाहेर येऊन टेबलाशी बसलो. त्यांनी मला झापलं असतं तर मला त्यांचा राग राग करता आला असता. तेवढीही सोय त्यांनी ठेवली नाही.

प्रांतसाहेबांकडे तारखा सुरू झाल्या. एका तारखेला पलीकडचं दप्तर आलं नाही, दुसऱ्या तारखेला प्रांतसाहेबच दौऱ्यावर, तिसऱ्या तारखेला दोन जिल्ह्यांचा प्रश्न आहे म्हणून कागद पुण्याला आयुक्तांकडे, आणि वर्षभरानं तसेच परत. इकडे निकाल लागेपर्यंत म्हणून सात-बाराच्या उताऱ्यावर हवालदाराच्या नावाला कंस पडला आणि 'सरकार' असं लागलं. उतारा नावावर नाही म्हणून कारखान्यानं तिच्या उसाची नोंद घेतली नाही. सोसायटीनं खत दिलं नाही. उभा ऊस तिनं गुऱ्हाळाला मिळेल त्या भावानं घातला आणि पुढच्या साली तिथं नुसती ज्वारी टाकली. ती टाकली म्हणून आमच्या थकलेल्या तलाठ्याला 'सरकारी जमिनीत अनधिकृत पेरा' असा शेरा लिहावा लागला. लिहिला आणि मला म्हणाला, "भाऊसाहेब, आता पेन्शनपतूर काय नगं वाटाय लागलंय."

हवालदार सुट्टीवर आला ती सुट्टी दोन महिन्यांची होती. ती त्यानं आमच्या, प्रांतांच्या आणि पलीकडच्या कचेरीच्या व्हरांड्यांत घालवली. आला की सावधान उभा राहायचा. साहेब आत आहेत म्हटलं की म्हणायचा, "ठीक हाय, वेट करतो." चिडला नाही, ओरडला नाही. जायच्या आधी शेवटचा आला तेव्हा एवढंच म्हणाला, "तिकडं बॉर्डरवर एकेका दगडासाठी आमी म्हैनोन्‌म्हैने बसतो, भाऊसाहेब. पर तिथं निदान पल्याडचा दुश्मन आसतो."

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात आमचे साहेब बदलून गेले. त्याच्या आदल्या वर्षी पलीकडचे निवृत्त झाले होते. दोन्हीकडे नवी माणसं आली. दोघांनी एकमेकांची तोंडं पाहिली नव्हती, त्यामुळे भांडणही नव्हतं. दोघांनी एकाच अर्जावर सही केली आणि मोजणी झाली. मोजणीदारानं दोन दिवस साखळी ओढली. शेत आमच्याच तालुक्यात निघालं. म्हणजे आमचे साहेब पहिल्यापासून बरोबर होते. पावत्याही खऱ्या होत्या, म्हणजे बाईही पहिल्यापासून बरोबर होती. नव्या मामलेदारांनी फाईल वाचली, चहा संपवला आणि खाली दोन ओळी लिहिल्या: पलीकडे भरलेला सारा इकडे भरला असे समजावे, लिलाव रद्द करावा अशी शिफारस. पंधरा दिवसांत प्रांतांचा आदेश आला. तीन वर्षांचं काम त्या दोन ओळींत मावलं. मी त्या ओळी पुन्हा पुन्हा वाचल्या. यात लिहिण्यासारखं अवघड काय होतं, ते मला तेव्हाही सापडलं नाही आणि आजही सापडलेलं नाही.

आदेशाची प्रत तलाठ्यामार्फत जायची, पण मीच घेऊन गेलो. घराला कुलूप नव्हतं, पण आत कुणी नव्हतं. शेजारणीनं सांगितलं, ती दुसऱ्याच्या मळ्यात भांगलायला गेलीय. मी बांधावर गेलो. ती बायकांच्या ओळीत खुरपं चालवत होती. मला बघून उठली, हात पदराला पुसले. मी आदेश वाचून दाखवला. तिनं ऐकून घेतला.

"म्हंजे रान आमचं झालं?"

"तुमचंच होतं, वहिनी."

"व्हय," ती म्हणाली. आनंद झाला की नाही ते मला कळलं नाही. तिच्या तोंडावर फक्त ऊन होतं. कागदाची घडी घालून तिनं कमरेला खोवली आणि थोड्या वेळानं विचारलं, "मंग ह्या वर्सीचा सारा कुटं भरायचा, भाऊसाहेब? हिकडं का तिकडं?"

"इकडंच. गावच्या तलाठ्याकडं."

"लेखी द्याल?"

मी खिशातून कागद काढला, गुडघ्यावर ठेवला आणि लिहायला लागलो. ती माझं लिहून होईपर्यंत उभी राहिली, मग पुन्हा ओळीत जाऊन बसली. मागे राहिलेली तिची पात शेजारच्या बाईनं मघाशीच खुरपून पुढे नेली होती.